दोन्ही खांद्यांवरचा बेस

माझ्या काउंटरवर दोन प्रकारची माणसं येतात. काहींना हेडफोन घ्यायचे असतात आणि काहींना नुसतं एसीत उभं राहायचं असतं. दुसऱ्या प्रकारची माणसं मला दारातूनच ओळखू येतात. ती सगळ्यांत महागड्या हेडफोनवर झडप घालतात, डोळे मिटून मान डोलावतात आणि घाम वाळला की "बघतो, घरी विचारून सांगतो" म्हणत सटकतात. बेसबुवांना मी पहिल्या दिवशी याच माणसांत मोजलं होतं.

बेसबुवा हे नाव आमच्याच काउंटरनं ठेवलेलं. साठी ओलांडलेला माणूस, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांच्या टोकांवर व्हार्निशचा पिवळट थर. आले की खिशातून स्वच्छ घडीचा रुमाल काढायचे, हेडफोनच्या दोन्ही गाद्या पुसायचे, मग कानांना लावायचे, आणि परत ठेवताना पुन्हा पुसायचे. जुनाट मोबाइलमध्ये त्यांचा एकच ट्रॅक असायचा. शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, आणि खालून बेसचा, म्हणजे जाड खर्जाचा, एक ठोका सतत चालू. ऐकून झालं की विचारायचे, "ताई, यातला बेस जरा जास्तच वाटतो ना?"

या वयाच्या माणसाला असलं संगीत कशाला लागतं, हा प्रश्न आम्हा सगळ्यांना पडला होता. माझ्या हाताखालच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. मी हसत नव्हते, पण ते आले की कपाळावर आठी मात्र यायची. दर बुधवारी दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला हजर. घेणं नाही, देणं नाही.

तरी मी माझं काम चोख करते. बंद कपांचे दाखवले, उघड्या जाळीचे दाखवले, तरुण मुलं ज्यांच्यासाठी जीव टाकतात ते कवटी हलवणारेही दाखवले. ते तर त्यांनी लगेच उतरवले आणि कान चोळत बसले. मग मी स्टुडिओत वापरतात ते सपाट आवाजाचे काढले. सपाट म्हणजे गाण्यात जे आहे तेच देणारे, पदरचं काही न घालणारे. ते लावून बुवा बराच वेळ उभे राहिले.

"हे खरं बोलतात," म्हणाले. "पण ठोका चिखलातून चालल्यासारखा वाटतो."

मग मी कमी बेसचे, हलके दिले.

"आता चिखल गेला," ते म्हणाले, "पण पायही गेले."

मोबाइलमध्ये बेस कमी-जास्त करायची पट्टी असते, ती मी वर-खाली करून दिली. तेही जमेना. शेवटी मी वैतागून विचारलं, "काका, तुम्हाला नक्की हवाय तरी कसा?"

त्यांनी हेडफोन गळ्यात घेतले आणि विचार करत बोलले. "तो असा मधोमध नव्हता, ताई. तुमच्या सगळ्या हेडफोनांत तो येऊन कपाळाच्या आत बसतो. तो बाजूंना होता. मागून कुणी येऊन दोन्ही खांद्यांवर हात ठेवावेत, तसा."

"बेस खांद्यांवर नसतो, काका," मी म्हटलं आणि दुसरा डबा उघडला.

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे साहेब म्हणतात. ते खरं आहे, आणि त्याचा प्रत्यय पुढच्याच बुधवारी आला. दुकान रिकामं होतं. मी बुवांचा मोबाइल मागून घेतला, सपाटवाले हेडफोन लावले आणि तो ट्रॅक पहिल्यांदाच स्वतः पूर्ण ऐकला. वरची सुरावट छान होती, हळू उलगडणारी. पण खालून बेस असा फुगलेला, की त्याखाली बाकीचं सगळं गुदमरत होतं. मी हेडफोन काढले आणि निकाल देऊन टाकला.

"उगीच पायपीट करताय, काका. घोळ हेडफोनमध्ये नाही, गाण्यातच आहे. ज्यानं केलंय त्याला कान नाही."

बुवांनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "हो," म्हणाले. "त्यालाही लोकांनी हेच सांगितलं होतं. माझा मुलगा आहे तो."

ते चिडले असते तर मीही दोन शब्द ऐकवले असते, माझा स्वभावच तसा. पण ते चिडले नाहीत. मी मुकाट्यानं स्टूल पुढे सरकवलं, मुलींना आमच्या दोघांसाठी चहा आणायला पिटाळलं, आणि त्या दुपारी बेसबुवा कोण आहेत ते मला कळलं.

घराच्या खालच्या खोलीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. पंपांच्या, पंख्यांच्या, गिरण्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या. जुनी तार कापून काढायची, नवी भरायची, व्हार्निश द्यायचं. वरच्या खोलीत मुलगा कॉम्प्युटरसमोर बसलेला असायचा.

"वर्षानुवर्षं पोरगा गाणी करत होता," बुवा म्हणाले, "आणि घरात आवाज म्हणून नव्हता. सगळं त्याच्या कानांत. जेवायला हाक मारायला जिन्यावर गेलो की मला दिसायचा तो फक्त हलणारा पाय. त्याची आई वर जाऊन ऐकायची. मी आपला खाली."

एक दिवस मुलगाच हेडफोन घेऊन खाली आला. म्हणाला, ऐका बाबा. बुवांनी तारेचं रीळ बाजूला ठेवून ऐकलं. एखादं मिनिट झालं असेल तोच पंपाची मोटार खांद्यावर घेऊन गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. बुवांनी हेडफोन काढून मुलाच्या हातात दिले आणि म्हणाले, "बरं आहे."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. आवडलं होतं हो मला. अंगावर काटा आला होता. पण आमच्यात बरं आहे म्हणजे डोक्यावरून पाणी."

पुढे मुलानं ती गाणी इकडेतिकडे पाठवली. ज्यानं त्यानं एकच सांगितलं, बेस फार, बाकी काही ऐकूच येत नाही. समारंभांत संगीत वाजवणाऱ्या एकानं चारचौघांत सुनावलं की तुला कानच नाही, दुसरं काहीतरी बघ. मुलानं दुसरं काहीतरी बघितलं. आता तो विमानानं जावं लागतं इतक्या लांब, थंड गोदामांच्या कंपनीत आहे. दर रविवारी जेवणाच्या आधी त्याचा फोन येतो. तिकडची हवा, इकडची हवा, रक्तदाबाची गोळी घेतली का, घेतली, बरं, ठेवतो. आई होती तेव्हा हाच फोन तासभर चालायचा.

काही महिन्यांपूर्वी बुवांनी वरच्या खोलीतला कॉम्प्युटर सहज चालू केला. मुलाची गाणी त्यात तशीच होती. बाजारातून साधे हेडफोन आणून त्यांनी ते गाणं लावलं, आणि ते त्यांनी ऐकलेलं गाणं नव्हतंच. सुरावट तीच, पण बेस अंगावर कोसळत होता.

"म्हणजे लोक खरं बोलत होते असं वाटलं," ते म्हणाले. "पण मी माझ्या कानांनी ऐकलंय ना, ताई. तेव्हा ते तसं नव्हतं. मला त्याला सांगायचंय की गाणं चांगलं होतं. पण आधी मला ते नीट ऐकायला मिळायला हवं. नुसतंच चांगलं होतं म्हटलं तर तो लगेच ओळखेल, म्हातारा मन राखायला बोलतोय म्हणून."

"त्याचे जुने हेडफोन कुठे गेले?"

"ही गेल्यावर घर आवरलं, तेव्हा भंगारात घातले. अगदी साधे होते. कॉलेजात जायला लागल्या लागल्या डाव्या कानाची तार तुटली होती, टाकूनच देणार होता. मीच सोल्डर करून दिली. पुढे सगळी गाणी त्याच्यावरच केली त्यानं." हे सांगताना त्यांचा चेहरा जरा खुलला.

त्या दिवसानंतर माझ्या कपाळावरची आठी गेली. खरं सांगायचं तर मी बुधवारची वाट बघायला लागले. माझ्या घरी मी एकटीच असते. बसमध्ये येता-जाता मी हेडफोन घालते आणि त्यात काहीही लावत नाही, कुणी बोलायला येऊ नये म्हणून. दिवसभर लोकांना आवाज विकून झाल्यावर मला आवाज नको असतो, असं मी सगळ्यांना सांगते. पण बोलायला कुणी येतच नाही हे कळू नये, म्हणूनही माणूस हेडफोन घालतो. बुवांशी मात्र मी बोलायचे. नवा माल आला की त्यातला एक त्यांच्यासाठी आधीच उघडून ठेवायचे. ते पुसून, लावून, ऐकून, पुसून परत द्यायचे आणि म्हणायचे, "जवळ आलोय, पण हे नाही."

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. नव्या मुलीला हेडफोनच्या काउंटरवर घेण्याआधी मी तिची एक परीक्षा घेते. त्यासाठी खणात एक खास हेडफोन ठेवलाय. एका गिऱ्हाइकानं बाहेरून दुरुस्त करून घेतलेला, आणि दुरुस्त करणाऱ्यानं डाव्या बाजूच्या दोन तारा एकमेकींच्या जागी जोडलेल्या. दोन्ही कानांत आवाज येतो, चांगला मोठा येतो, वरवर पाहता काहीच बिघडलेलं नाही. पण उजव्या कपातल्या स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो त्याच वेळी डाव्यातला मागे ओढतो. त्यामुळे मधला आवाज मध्ये बसत नाही आणि बेस पातळ होऊन बाजूंना पांगतो. कानाला लावल्यावर जिला हे खटकत नाही, तिला मी मोबाइल कव्हरच्या काउंटरवर पाठवते.

त्या बुधवारी अशीच एक नवी मुलगी आली होती. मी तो हेडफोन काढून तिच्यासमोर ठेवला आणि नेमकं साहेबांनी आत बोलावलं. मालाच्या खोक्यांवरून त्यांची नेहमीची कटकट. ती उरकून बाहेर आले तर काउंटरसमोर बुवा उभे, कानांवर तोच हेडफोन. गाद्या पुसल्याच नव्हत्या, रुमाल तसाच हातात. डोळे मिटलेले. ट्रॅक संपला. त्यांनी चाचपडत पुन्हा लावला. तोही संपेपर्यंत मी तिथेच थांबले, कारण त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"हेच," डोळे उघडून ते म्हणाले. "ताई, हेच ते. इतके दिवस कुठे लपवून ठेवले होते?"

"मी सांगत होते त्यांना, हा तुमच्या परीक्षेचा आहे," नवी मुलगी घाबरून म्हणाली.

"काका, तो बिघडलेला आहे," मी म्हटलं.

"बिघडलेला कसा असेल? काय बिघडलंय?"

मी नेहमीच्या सवयीनं घडाघडा सांगून टाकलं. डाव्या कानाच्या तारा उलट्या जोडल्यात, त्यामुळे बेस बाजूंना जातो. मी कुणाशी बोलतेय हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

बुवांनी हेडफोन हळूच उतरवले आणि डाव्या बाजूच्या कपावर अंगठा फिरवत उभे राहिले.

"मोटारीत तारेची एखादी कॉइल अशी उलटी जोडली," ते म्हणाले, "तर मोटार नुसती गुरगुरते. उठत नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच शिकवली. तार कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, दोन्ही टोकांना खूण करायची. खुणेशिवाय सोल्डरला हात लावायचा नाही."

मी नव्या मुलीला आत पाठवून दिलं.

"त्याच्या हेडफोनला मी खूण केली नव्हती. म्हटलं एवढासा स्पीकर, त्याला कसली सुरुवात आणि कसला शेवट. जोडला, वाजला, दिला."

सगळं माझ्या डोक्यात एकदम सरळ झालं. पोरानं प्रत्येक गाणं त्याच हेडफोनवर केलं. त्याच्या कानांना बेस पातळ, पांगलेला लागायचा, म्हणून तो वाढवत गेला, नेमका हवा तिथे, दोन्ही खांद्यांवर येऊन बसेपर्यंत. आणि तेच गाणं बाकी जगानं सरळ तारांच्या हेडफोनवर ऐकलं. पोराला कान नव्हता कसा? बापाची चूक केसाएवढाही फरक न राहता भरून काढण्याइतका कान होता.

आणि बुवांनी मला हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मधोमध नाही, दोन्ही खांद्यांवर. पोरींच्या परीक्षा घेणारी मी, मला ते ऐकूनही कळलं नाही. कव्हरच्या काउंटरवर खरं तर मीच बसायला हवं.

साहेबांना न विचारता मी तो हेडफोन बुवांना देऊन टाकला. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि पायऱ्यांवर एकदा थांबले, काहीतरी विचारायचं राहिल्यासारखे. मग तसेच गेले.

पुढच्या बुधवारी आले तेव्हा काउंटरपाशी न येता दाराजवळच्या खुर्चीत बसले. मी गिऱ्हाईक सोडून तिकडे गेले.

"सांगितलं?"

"सांगितलं. आधी गाणं चांगलं आहे ते सांगितलं. मग तारांचं."

"काय म्हणाला?"

"कुठला कान, असं विचारलं. मी म्हटलं, डावा. मला वाटलं फोन कट झाला." बुवांनी खिसे चाचपले, नेहमीचा रुमाल सापडला नाही. "मग म्हणाला, मी तेव्हा डॉक्टरकडे जाऊन कान तपासून आलो होतो, बाबा. तुम्हाला आणि आईला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, कान उत्तम आहेत. म्हणजे दोष कानांत नाही, माझ्यातच आहे, असं मी धरलं."

"मग?"

"मग म्हणाला, बरं आहे. ठेवतो."

त्या दोन शब्दांवर माझ्या जिभेला त्या दिवशी पहिल्यांदा हाड फुटलं.

त्यानंतर बुवा दुकानात यायचे थांबले. बरोबरच होतं, शोधायचं काही उरलं नव्हतं. बुधवारी दुपारी मी दाराकडे बघायचे आणि मग स्वतःवरच चिडून मुलींना कामाला लावायचे. त्या परीक्षेच्या हेडफोनच्या गाद्या फाटायला आल्या होत्या हे मला आठवत होतं. तेवढं निमित्त पुरलं. एका रविवारी नव्या गाद्या पिशवीत टाकून मी त्यांचा पत्ता शोधत गेले.

खालच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीवर तारेची रिळं ओळीनं लावलेली, कोपऱ्यात पोट फाडून ठेवलेल्या मोटारी, सगळीकडे व्हार्निशचा उग्र वास. मुलाचा कॉम्प्युटर बुवांनी वरून खाली आणून कामाच्या टेबलावर मांडला होता. त्याच्या शेजारी एक रिकामा पत्र्याचा डबा उपडा घातलेला आणि त्यावर मोबाइल, म्हणजे थरथरला तरी डबा वाजेल. बुवा पाठमोरे बसले होते. उजवा कप कानावर होता आणि डावा मागे, केसांत सरकवून ठेवलेला.

मी हाक मारल्यावर वळले. या ताई, म्हणाले, आणि उठून माझ्यासाठी स्टूल पुसायला लागले. गाद्या बघून खूश झाले, लगेच बदलल्याही. त्यांची बोटं अशा कामांत फार सुंदर चालतात. मग पुन्हा हेडफोन चढवले, आणि पुन्हा तसेच, उजवा कानावर, डावा मागे.

"काका, असं नाही ऐकायचं," मी म्हटलं. "एका कानानं ऐकलं तर हे इतर कुठल्याही हेडफोनसारखंच. दोन्ही कानांवर घेतल्याशिवाय तो बेस खांद्यांवर येणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"दोन्ही कानांवर घेतले की बाहेरचं काही ऐकू येत नाही." त्यांनी डब्याकडे पाहिलं. "त्यानंतर रविवारचा फोन आलेला नाही, ताई. कामात असेल. पण आला, आणि मी आत गुंग असलो, तर?"

जेवणाची वेळ होत आली होती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मी स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि मोबाइल मला नीट दिसेल असा डबा फिरवून ठेवला.

"तुम्ही घ्या दोन्ही कानांवर," मी म्हटलं. "फोनकडे मी बघते."

ते जरा घोटाळले. मग डावा कप पुढे आणून कानावर बसवला, गाणं लावलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचे खांदे सैल पडले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. दिसत होता तो टेबलाखाली हलणारा त्यांचा पाय. मी तो पाहिला आणि पुन्हा मोबाइलवर नजर लावली.

गाणं संपलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.